संगणकात विंडोज नव्याने टाकण्यापूर्वी



उसाची बिले, सातबारा, कर्जाचे कागद आता घरच्या संगणकात असतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बिघाड झाला की विंडोज नव्याने टाकावी लागते.

‘रीसेट’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ म्हणजे खोडवा ठेवणे. आपले कागद राहतात, बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ म्हणजे सगळे रान नांगरणे! म्हणून कागदांची नक्कल आधी पेनड्राइव्हवर घ्यावी व दुसऱ्या संगणकावर उघडून बघावी.

श्रीलिपीतला जुना मजकूर नंतर भलताच दिसला, तर घाबरू नका. फॉन्ट परत टाकावा. मावळच्या पावसात लाइट कधी जाईल नेम नाही. यूपीएसशिवाय हे काम सुरू करू नये.