सालवार दप्तर आणि संगणक

गाव नमुना सात जमिनीचा धनी सांगतो, बारा तिच्यातील पीक. धनी पिढ्यान्‌पिढ्या तोच राहील. बाराची नोंद मात्र दरसाल नवी. २०२१ पासून शेतकरी स्वतःच ती ई-पीक पाहणीत मोबाइलवरून भरू लागला. यवतमाळ जिल्ह्याचे सोळा तालुके धरा, त्यांतील कापूस, तूर, सोयाबीन धरा, आणि वर्षामागून वर्षे! एवढा तक्ता एकसंध ठेवला, तर राळेगावच्या एका गटाचे यंदाचे पीक शोधणेही जड जाईल.

कचेरीत गठ्ठे सालवार बांधीत. संगणकातही तसेच करता येते. उदाहरणार्थ, पोस्टग्रेस या प्रणालीत २०१७ पासून तशी सरळ सोय आहे : बाहेरून तक्ता एक, आत वर्षागणिक विभाग. साल सांगून विचारा, यंत्र इतर विभाग उघडतही नाही. साल न सांगाल तर सारेच गठ्ठे सुटतील!

खरी मेख पुढेच आहे. १ ऑगस्टला महसुली वर्ष पालटते. नव्या सालाचा विभाग तयार नसेल तर नोंद परत फिरते. मग अतिवृष्टीत कपाशी गेल्यावर शेतकऱ्याने दाखवावे काय? ‘इतर’ नावाचा विभाग ठेवला तर नोंद त्यात पडते खरी. पण तेथे साचलेल्या नोंदी हलविल्याशिवाय त्या सालाचा विभाग यंत्र करू देत नाही. म्हणून हे काम कोणाच्या आठवणीवर सोडू नये. पुढील दोन वर्षांचे विभाग जुलैतच आपोआप व्हावेत, न झाल्यास कारकुनाला निरोप जावा, अशी आज्ञा यंत्रालाच देऊन ठेवावी. जुने साल खोडू नये. त्याचा विभाग मूळ तक्त्यापासून सोडवून निराळा जपावा. वहिवाटीच्या दाव्यात बारा वर्षांमागचे पीकही विचारले जाते.