पेटीतल्या बाळाचं दूध

दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, जेमतेम किलोभराचं बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पेटीत असतं आणि घरचे विचारत राहतात, 'अंगावर कधी पाजायचं?' चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसतो तो गर्भाच्या साधारण 34व्या आठवड्याच्या सुमारास. त्याआधी पाजलं तर दूध श्वासनलिकेत जायची भीती. म्हणून तोंडावाटे पोटापर्यंत बारीक नळी घालतात. सिस्टर दट्ट्या काढलेली सिरिंज नळीला लावून जरा उंच धरतात. दूध ढकलायचं नाही, आपसूक उतरू द्यायचं. सुरुवातीला एका वेळी एक-दोन मिलिलिटर, दर दोन-तीन तासांनी. पोट फुगलं नाही, हिरवी उलटी झाली नाही, की हळूहळू वाढवतात. पुढे बोंडलं किंवा वाटी-चमचा, मग आईचं अंग.

दूध कोणाचं? पहिला मान आईच्याच दुधाचा. चीक तर थेंबभरही वाया घालवू नये. काही घरांत तो अजून टाकून देतात, याचं फार वाईट वाटतं. पावडरच्या दुधावर अशा बाळांचं आतडं सुजून सडण्याचा धोका वाढतो, आणि तो आजार जीवावर बेततो. म्हणून आईनं रात्रीसुद्धा, दिवसातून आठेक वेळा दूध पिळून काढायचं. बाळाला पाजता येत नसलं तरी हेच तिचं पाजणं आहे.

आई अत्यवस्थ असेल किंवा दूध उतरत नसेल, तर दूधपेढी. आशियातली पहिली दूधपेढी 1989 साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तिथे जमा झालेलं दूध 62.5 अंश सेल्सियसला 30 मिनिटं तापवतात, झटकन गार करतात, नमुन्यात जंतू वाढतात का ते पाहतात आणि मगच उणे 20 अंशांवर साठवलेलं दूध वापरायला काढतात. तापवण्यात जंतू मरतात, तशी काही संरक्षक द्रव्यंही जातात. म्हणून आईचं ताजं दूध सरसच.

दूध देणारी बरेचदा शेजारच्याच पेटीतल्या बाळाची आई असते: बाळ पितं दोन मिलिलिटर, दूध येतं वाटीभर. तिची एचआयव्ही, कावीळ बी आणि गुप्तरोगाची रक्ततपासणी होते. तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर दूध घेत नाहीत. स्वतःच्या बाळाचं भागून उरलं तेवढंच द्यायचं, आणि त्याचे पैसे मिळत नाहीत.