गाठ सुटली की मासा गेला! गळ नेमका कसा बांधायचा?

युरोपात ट्राउट पकडण्यासाठी गळावर कोंबड्याची पिसे गुंडाळून कीटकासारखी 'माशी' बांधतात. ताठ पिसांमुळे ती पाण्यावर तरंगते. ट्राउटला थंडगार पाणी लागते, त्यामुळे मुखेडच्या लेंडी नदीत त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. इकडे गळाला कणकेची गोळी, नाहीतर गांडूळ.

पण माशी असो की गांडूळ, भरवसा गाठीवरच. तंगूस गळाच्या नेढ्यातून ओवा, मूळ दोऱ्याभोवती 5-6 वेढे द्या आणि टोक नेढ्याजवळच्या फाशातून काढा. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. किळस वाटली तर नदीचे पाणी आहेच! कोरडी ओढली, तर घासून तापलेले नायलॉन कमजोर होते आणि मोठा मासा लागला की नेमके तिथेच तुटते. उरलेले टोक अगदी मुळाशी कापू नका, 2-3 मिलिमीटर राहू द्या.