नाईल नदीवरील नौकापर्यटन

नाईल नदीवरील नौकापर्यटन म्हणजे इजिप्तमधील लक्सर व आस्वान या शहरांदरम्यान नदीमार्गे प्राचीन मंदिरे पाहत केला जाणारा, सामान्यतः तीन ते चार रात्रींचा समूहप्रवास होय. १८६९ मध्ये थॉमस कुक यांनी इंग्रज प्रवाशांचा आपला पहिला गट वाफेच्या बोटींनी येथे नेला.

नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, वारा मात्र बहुधा उत्तरेकडून येतो. त्यामुळे शिडाची नौका वाऱ्याच्या बळावर प्रवाहाविरुद्ध जाते आणि शीड उतरवून प्रवाहाबरोबर परतते. प्राचीन चित्रलिपीत ‘दक्षिणेस जाणे’ या अर्थाच्या शब्दापुढे शीड उभारलेली नौका काढत, ती याच कारणाने.

वाटेतील एडफू, कोम ओंबो व फिले ही मंदिरे पिरॅमिडांच्या काळातील असल्याचा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात त्यांचे आजचे बांधकाम मुख्यतः टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या व रोमन काळातील, म्हणजे पिरॅमिडांनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी झालेले आहे. एडफूचे होरसमंदिर इ.स.पू. २३७ ते ५७ या काळात बांधले गेले. शतकानुशतके वाळूखाली राहिल्याने ते छतासह टिकले. कोम ओंबोचे मंदिर सोबेक (मगरदेव) व होरस यांचे जोडमंदिर आहे.

फिले येथील मंदिर आस्वानच्या धरणांमुळे पाण्यात गेले होते. युनेस्कोच्या मोहिमेत त्याचे दगड सुटे करून १९८० पर्यंत ते शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभारण्यात आले. घाईच्या सहलीत हे बहुधा नजरेआड होते: मंदिर मूळचेच आहे, बेट मात्र नाही. चित्रलिपीतील ज्ञात असलेला शेवटचा कोरीव लेख (इ.स. ३९४) याच मंदिरात आहे.