दुपारी चढायचं, रात्री उतरायचं

गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत किती वीज असते? बिल्डिंगच्या गच्चीवरून खाली सोडली तर जवळपास काहीच नाही. पण तीच टाकी सह्याद्रीच्या चारशे मीटर कड्यावर ठेवली आणि तिचं सगळं पाणी पाइपातून खाली टर्बाइनवर सोडलं, तर मिळते साधारण एक युनिट. दीड टनाचा एसी जेमतेम पाऊण तास चालेल, एवढी.

कोणाला वाटेल, इतक्या उंचीवरून एक टन पाणी खाली आणून मिळालं काय, तर एक युनिट! मला आश्चर्य उलट्या बाजूने वाटतं. ते हजार लिटर पाणी वीस लिटरच्या हंड्याने पुन्हा कड्यावर न्यायचं ठरवलं तर पन्नास खेपा होतील. पन्नास खेपांची चढाई वीस हजार मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीच्या दुप्पटीहून जास्त. दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगातून जे काम निघतं, ते विजेच्या भाषेत अर्ध्या-पाऊण युनिटापलीकडे फारसं जात नाही. बिलावर आठ-दहा रुपयांना पडणारं एक युनिट म्हणजे एका माणसाच्या दिवसभराच्या कष्टांहून जास्त. आपण ते रिकाम्या खोलीतल्या पंख्यावर उडवतो.

आता भंडारदऱ्याच्या पाठीमागे, अकोले तालुक्यातल्या घाटघरला जाऊ. पावसाळ्यात कोकणकडा बघायला येणारी गर्दी जिथे उभी राहते, त्या परिसरात वर एक धरण आहे. कड्याखाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरं. दोन्हींच्या मध्ये डोंगराच्या पोटात वीजघर, आणि त्यात प्रत्येकी 125 मेगावॅटची दोन यंत्रं. जपानच्या कर्जातून उभा राहिलेला हा 250 मेगावॅटचा प्रकल्प 2008 मध्ये सुरू झाला. दोन्ही यंत्रं पूर्ण भाराने चालली की वरून सेकंदाला सुमारे सत्तर टाक्या पाणी उतरतं. टंचाईच्या गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर दर सेकंदाला सात टँकर. (शहापूर तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या बाईला हे गणित सांगायची माझी हिंमत नाही.)

पण खरी गंमत पाणी उतरण्यात नाही. ते पुन्हा वर जातं. तेच पाणी, त्याच बोगद्यांतून, त्याच यंत्राने.

विहिरीवर थ्री-फेजचा पंप असलेल्या शेतकऱ्याला यातला निम्मा भाग आधीच ठाऊक असतो. मोटर उलटी फिरायला लागली की वायरमन येतो, तीनपैकी दोन वायरी एकमेकींच्या जागी लावतो आणि मोटर सुलट फिरू लागते. पाणी उतरवून पुन्हा वर चढवणाऱ्या अशा उदंचन वीजघरात हाच खेळ 125 मेगावॅटच्या मापाने खेळतात. पाणी खाली येताना चाक एका दिशेने फिरतं. तेव्हा ते टर्बाइन असतं आणि त्याला जोडलेलं यंत्र जनित्र. मग सगळं थांबवायचं, दोन फेजची अदलाबदल करायची आणि ग्रिडची वीज आत सोडायची. जनित्राची मोटर होते, टर्बाइनचा पंप होतो, चाक उलट्या दिशेने फिरतं आणि पाणी डोंगर चढू लागतं.

इतकी मोठी मोटर पाण्याच्या भाराखाली एकदम सुरू केली तर सगळ्या ग्रिडला हिसका बसेल. म्हणून अशा यंत्रांची रीत अशी, की आधी दाबाची हवा सोडून चाकाभोवतीचं पाणी खाली ढकलायचं, चाक कोरड्यात फिरवून पूर्ण वेगाला आणायचं, ग्रिडच्या ठेक्याशी जुळवायचं आणि मगच पाणी आत घ्यायचं. वीजघर एवढं खोल का गाडलेलं असतं, याचंही उत्तर विहिरीवर मिळतं. पंप पाण्यापासून फार वर बसवला तर तो हवा धरतो. सात-आठ मीटरपलीकडे पाणी ओढत नाही. हा राक्षसी पंप तर खालच्या तलावाच्या पातळीच्याही बराच खाली ठेवावा लागतो. नाहीतर चाकाच्या पात्यांवर पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि पोलाद कुरतडून काढतात.

या सगळ्या खटाटोपात वीज तयार किती होते? उणे. चार युनिटं खर्चून पाणी वर चढवलं तर उतरताना तीन, फार तर सव्वातीन परत मिळतात. बाकीची घर्षणात आणि उष्णतेत जातात. घाटघर हे वर्षाच्या हिशेबात वीज खाणारं वीजघर आहे! मग बांधलं कशाला?

कारण वीज ठेवता येत नाही. मोठ्या बॅटऱ्या आता येऊ लागल्या आहेत, तरी ग्रिडचा रोजचा कारभार बव्हंशी त्या क्षणी बनवा आणि त्याच क्षणी वापरा असाच चालतो. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की राज्याराज्यांतली जनित्रं एकदम जरा मंदावतात. सेकंदाला पन्नास आवर्तनांचा ठेका पडू लागतो. ऐरोलीजवळ कळव्याच्या भार प्रेषण केंद्रात चोवीस तास माणसं याच आकड्यावर डोळा ठेवून बसलेली असतात. कोळशाचं थंड पडलेलं केंद्र पुन्हा तापवायला तास न् तास जातात. पाण्याचं यंत्र काही मिनिटांत पूर्ण भारावर येतं. म्हणून रात्री नकोशा झालेल्या चार युनिटांपेक्षा गरजेच्या वेळी हाताशी असलेली तीन युनिटं जास्त मोलाची ठरतात.

घाटघर आखलं तेव्हाचा हिशेब कोळशाचा होता. मध्यरात्री मागणी पडते, पण बॉयलर विझवता येत नाहीत. तेव्हा ती शिल्लक वीज वापरून रात्री पाणी चढवायचं आणि संध्याकाळी सगळ्या घरांतले दिवे, मिक्सर, टीव्ही एकदम लागले की उतरवायचं. सौरऊर्जेने हे वेळापत्रक उलटंपालटं करायला घेतलं आहे. आता वीज ओसंडते ती भर दुपारी, आणि सूर्य कलला की तास-दोन तासांत सगळी सौरवीज गायब. मागणी वाढायला लागते तीही नेमकी त्याच वेळी. त्यामुळे पाणी चढवायची वेळ मध्यरात्रीकडून दुपारकडे सरकते आहे. डोंगर तोच, यंत्र तेच. फक्त पाळी बदलायची. 1909 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनला अशा पहिल्या काही प्रकल्पांपैकी एक सुरू झाला, तेव्हा सौरविजेने पाणी चढवायचा विचारही फार दूर होता.

सह्याद्री पाणी उतरवून वीज बनवायला किती सोयीचा आहे, हे टाटांच्या मंडळींनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. लोणावळा, वळवण, शिरोट्याचं पाणी घाटाखाली उतरवून 1915 मध्ये खोपोलीत वीज बनू लागली, मग 1922 मध्ये भिवपुरी, 1927 मध्ये भिरा. पूर्वेला वाहून जाणाऱ्या पाण्याला पश्चिमेकडे कड्यावरून खाली टाकायचं, ही त्यातली युक्ती. भिऱ्याचं वापरून झालेलं पाणी कुंडलिकेत उतरतं आणि कोलाडला सकाळी राफ्टिंगच्या बोटी त्याच पाण्यावर सुटतात. यंत्रं थांबली तर नदीची उसळी संपली. मात्र याच भिऱ्यासाठी मुळशीचं खोरं पाण्याखाली गेलं. त्याविरुद्धचा सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह 1921 चा. राज्यात आता उदंचन प्रकल्पांचे करार एकामागून एक होत आहेत. त्यातल्या प्रत्येकाला वर एक आणि खाली एक तलाव लागणार, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामी जमीन म्हणजे बहुधा कोणाचं तरी जंगल किंवा कोणाची तरी नाचणीची खाचरं असतात. वीज हिरवी आहे एवढ्याने तो प्रश्न मिटत नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र या प्रकल्पांची बाजू भक्कम आहे. कोयनेचं उदाहरण घ्या. 1960 मेगावॅटचा तो अजस्र प्रकल्प, पण पोफळीकडे उतरलेलं पाणी वाशिष्ठीतून समुद्रात जातं, परत येत नाही. म्हणून कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. ते संपलं की यंत्रं तयार असूनही बसून राहतात. उदंचनात तेच पाणी वर्षानुवर्षं खालीवर करतं. बाष्प होऊन उडेल तेवढं फक्त भरून काढायचं.

तरी सगळ्यात स्वस्त साठवण डोंगरात नाहीच. ती शेतीपंपाच्या वेळापत्रकात आहे. वर्षानुवर्षं शेतकऱ्याला आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाइट मिळायची. बॅटरी घेऊन, सापविंचू आणि बिबट्याची धास्ती बाळगत, दारं धरायला रात्री दोन वाजता जायचं. सौर कृषी वाहिनीच्या योजनेत गावाजवळच्या उपकेंद्राला सौरप्रकल्प जोडून दिवसा वीज द्यायची आहे. लक्ष्य 16,000 मेगावॅटचं. तो पंप दुपारी चालला की तेवढी वीज साठवायचीच गरज उरत नाही. चारातलं एक युनिट वाटेत गमवायलाही नको. घरातलं वॉशिंग मशीन, गिझर, सोसायटीच्या टाकीचा पंप यांनाही हेच लागू. वीज वाचवणं म्हणजे कमी वापरणं, हे आपल्याला शाळेपासून शिकवलेलं. यापुढे किती वाजता वापरली हेही तितकंच मोजलं जाणार आहे.

हे गणित अडतं ते जुलै-ऑगस्टमध्ये. घाटघरसारखा साठा काही तासांचा. आठ-आठ दिवस ऊन पडलंच नाही, तर चढवायचं काय आणि उतरवायचं काय? तेव्हा कामाला येतात साताऱ्याकडची पठारं. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पावसाळ्यातच सगळ्यात जोरात फिरतात, नेमक्या सौर पॅनेलं मंदावतात त्या महिन्यांत. आणि वनकुसवड्याच्या पठाराखाली त्याच दिवसांत कोयनेचा शिवसागर भरत असतो.