भिजायची सवय आहे, मग बॅगेत काय भरायचं?

डहाणूकडच्या कैनाडला गुडघाभर चिखलात, अंगावर पाऊस घेत भाताची लावणी केलेल्या माणसाला 'नदीवर जाताय, भिजाल हं' असं सांगणं जरा विनोदीच. आणि नेमकी हीच सवय बॅग भरताना चकवते. चार-सहा दिवसांच्या राफ्टिंगला निघताना डहाणू-तलासरीकडचा माणूस पावसाळ्याचा हिशोब करतो: दोन बर्म्युडा, चार सुती टीशर्ट, एक टॉवेल, स्लीपर आणि मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी. आपला पाऊस मात्र कोमट असतो. लडाखमधल्या झंस्कार नदीचं पाणी म्हणजे नुकताच वितळलेला बर्फ.

'कोलाडला जाऊन आलोय, तेवढंच सामान पुरतं.' हा सगळ्यात मोठा गैरसमज. आपल्या सूर्या-वैतरणा पावसावर चालणाऱ्या नद्या, त्यांच्यावर मुक्कामी राफ्टिंग होत नाही. त्यामुळे राफ्टिंग म्हटलं की डोळ्यासमोर येते कोलाडची कुंडलिका. तिथे पाऊस नसतानाही नदी धावते, कारण मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं. हे केंद्र 1927 पासून चालू आहे. वीज करून झाली की ते पाणी कुंडलिकेत सुटतं. सकाळी बोटीत बसायचं, काही तासांत उतरायचं, गाडीत ठेवलेले कोरडे कपडे घालायचे आणि जेवायला बसायचं. तिथे टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड खरोखर पुरतो. झंस्कारवर पदुमपासून निम्मूपर्यंत, जिथे ही नदी सिंधूला मिळते, बरेच दिवस लागतात. उभ्या कड्यांमधल्या त्या घळीत तुमची गाडी म्हणजे तुमची बोटच. बॅगेत जे नाही, ते कुठेच नाही.

हंगामही उलटा. ऋषिकेशला जुलै-ऑगस्टमध्ये गंगा फुगलेली असते आणि राफ्टिंग बंद असतं, तर झंस्कारचा हंगाम साधारण त्याच दिवसांत येतो. त्यामुळे 'राफ्टिंगला काय न्यायचं' या प्रश्नाला कुठे आणि कधी हे ठरल्याशिवाय उत्तर नाही.

'सुती कपडे बरे, अंगाला मोकळे.' डहाणूच्या मे महिन्यात अगदी बरोबर. बर्फाच्या पाण्यावर हेच कापड घात करतं. सुती कापड पाणी धरून ठेवतं, वाळताना अंगातली उष्णता ओढतं, आणि मुळात पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने शरीराची ऊब खेचतं. वाऱ्यात बसलेल्या, ओल्या टीशर्टातल्या माणसाला भर उन्हातही हुडहुडी भरते. जीन्सबद्दल तर बोलायलाच नको; एकदा भिजली की मुक्काम संपेपर्यंत वाळत नाही. बोटीत अंगावर पॉलिएस्टरसारखं चटकन वाळणारं कापड किंवा लोकरीचा पातळ थर हवा. आजोबांची घोंगडी भिजून जड व्हायची, पण ऊब द्यायची, त्यामागे लोकरीचाच गुण होता. थंड नदीवर वेटसूट लागतो. तो बहुतेक वेळा आयोजक देतात, पण गृहीत धरू नका, फोनवर विचारून घ्या.

खरी विभागणी 'कपडे किती' अशी नसून 'भिजणारे' आणि 'कधीच न भिजणारे' अशी आहे. बोटीतला एक जोड रोज भिजेल, रोज सकाळी तोच गारढोण जोड पुन्हा चढवावा लागेल. नकोसं वाटतं, पण त्याला इलाज नाही. दुसरा जोड, म्हणजे जाड स्वेटर, पायजमा, लोकरी मोजे, कानटोपी, फक्त तंबूत घालायचा. मोह झाला तरी तो नदीवर न्यायचा नाही. असे दोन जोड पाच दिवसांना पुरतात, फार तर आतले कपडे जास्त घ्या.

'डबल प्लॅस्टिक केलं की पाणी शिरत नाही.' शिरतं. बाजारातली पिशवी दोरीच्या एका घासणीत फाटते. त्यासाठी ड्राय बॅग मिळते. तिचं तोंड गुंडाळून बंद करायचं असतं: आधी हवा काढायची, मग काठ किमान तीन वेळा घट्ट दुमडायचा. गळ्यापर्यंत ठासून भरलेली बॅग दुमडलीच जात नाही, आणि मग लोक बॅगेला दोष देतात. मोठी बॅग बोटीला बांधली की सहसा संध्याकाळपर्यंत सुटत नाही. म्हणून हाताशी एक छोटी वेगळी हवी: सनस्क्रीन, औषधं, पाण्याची बाटली, एक गरम थर. रोजच्या गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा.

'आम्हाला उन्हाची सवय आहे.' डहाणू समुद्रसपाटीला, पदुम साडेतीन हजार मीटरच्या वर. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण 10 टक्क्यांनी वाढतात, शिवाय खालून पाण्याचा परावर्तित उजेड. सावळ्या कातडीचीही सालं निघतात, ओठ फुटतात. लांब बाह्या आणि लिप बाम घ्या. गॉगल किंवा चष्मा असेल तर त्याला मागून दोरी हवीच.

पायात स्लीपर चालत नाही. पहिल्या लाटेत जाते. अनवाणी पाय दगडांवर कापतात. टाचेला पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट हवेत. पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट सैल बांधणाऱ्यांना एकच परीक्षा: जॅकेटच्या खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते घालून उपयोग नाही. अंगठ्या, मंगळसूत्र, गळ्यातला दोरा घरीच ठेवलेला बरा. दोरीत अडकलं की दागिना तुटतो किंवा हाताचं बोट दुखावतं.

खाण्याबद्दल थोडी प्रेमाची सूचना. स्वयंपाक आयोजकच करतात. पिकलेले चिकू नेऊ नका, दुसऱ्या दिवशी बॅगेत लगदा मिळेल. सुकवलेले चिकू मात्र उत्तम. सुके बोंबील बंद बॅगेत उन्हात ठेवण्याचा प्रयोग सहप्रवाशांची संमती घेऊन करावा.

'वाहतं पाणी शुद्ध.' थंड आणि नितळ पाण्यातही रोगजंतू असू शकतात. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्यायचं, मग गाळून उकळायचं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून 2000 मीटरच्या वर उकळी आल्यावर 3 मिनिटं राहू द्यावं असं सांगितलं जातं.

शेवटी, कुठल्याच यादीत कुणी लिहीत नाही ती गोष्ट. आडोसा मिळेल की नाही या धास्तीने बायका पाणी कमी पितात, आणि उंचीवर डोकं दुखायला लागतं. निघण्यापूर्वी शौचाची सोय काय आहे ते आयोजकांना सरळ विचारा. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये मैला डब्यात भरून परत आणणं सक्तीचं आहे. आपल्याकडेही गंगेकाठच्या तंबूंमुळे होणाऱ्या घाणीचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आणि डिसेंबर 2015 मध्ये कौडियाला ते ऋषिकेश पट्ट्यातल्या तंबूंवर बंदी आली. पाळीचे दिवस असतील तर सॅनिटरी पॅड नदीच्या पाण्यात फुगतो, निकामी होतो. मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर तो न्या, पण सवय घरीच करून घ्या. वापरलेलं सगळं परत आणायला दोन घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या बॅगेच्या वरच्या बाजूला ठेवा.