खडीच्या वाटेची सनद

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन आणि पोलादाच्या कारखान्यांमुळे नावारूपास आलेले पिट्सबर्ग या दोन शहरांच्या मध्ये ॲपलेशियन पर्वताच्या रांगा आडव्या पसरलेल्या आहेत. त्या ओलांडून जाणारी, बव्हंशी बारीक खडीची, सुमारे ३३५ मैल लांबीची एक वाट आज सायकलस्वारांस व पादचाऱ्यांस खुली असून मोटारीला तिच्यावर मज्जाव आहे. तिचा पूर्वेकडील १८४.५ मैलांचा भाग चेसापीक आणि ओहायो कालव्याच्या काठाने जातो. कंबरलंड गावापासून पुढचे १५० मैल ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’ या नावाने ओळखले जातात. गर्द अरण्यातून, नद्यांच्या काठाकाठाने गेलेली ही वाट पाहणाऱ्यास निसर्गाची सहज देणगी वाटली तर नवल नाही. परंतु तिचा पूर्वेतिहास चाळू लागले म्हणजे ध्यानात येते की, ती दोन बुडालेल्या व्यवहारांच्या जमिनीवर उभी आहे, आणि ती जमीन अखंड राहिली याचे श्रेय अरण्यापेक्षा सरकारी दप्तराकडे अधिक जाते.

पूर्ववाहिनी पोटोमॅकचे खोरे पर्वतापलीकडच्या ओहायोच्या खोऱ्यास जलमार्गाने जोडावे, हा ध्यास जॉर्ज वॉशिंग्टन यांनी तरुणपणापासून घेतला होता. १७५४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, नौकानयनास योग्य प्रवाह सापडतो की काय हे पाहण्यासाठी ते यॉकागेनी नदीने खाली उतरले, आणि ओहायोपाइलच्या धबधब्यापाशी त्यांचा शोध संपला. पुढे ४ जुलै १८२८ रोजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी चेसापीक आणि ओहायो कालव्याच्या कामाचा शुभारंभ केला, तेव्हा त्यांचे फावडे जमिनीतल्या एका मुळाशी अडले; अंगातला कोट उतरवून त्यांनी पुन्हा घाव घातला आणि जमलेल्या समुदायाने त्यांचा जयजयकार केला. योगायोग असा की, त्याच दिवशी बाल्टिमोर शहरात, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एकटे हयात उरलेले नव्वद वर्षांचे चार्ल्स कॅरोल यांच्या हस्ते बाल्टिमोर आणि ओहायो रेल्वेची पहिली शिळा बसवली गेली.

दोन्ही कंपन्यांचे लक्ष्य एकच असल्यामुळे, पॉइंट ऑफ रॉक्स येथे डोंगर आणि नदी यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरते तिच्या हक्कावरून दोघींमध्ये दावा उभा राहिला. १८३२ साली मेरीलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने कालव्याच्या बाजूने निवाडा दिला खरा. परंतु दावा जिंकणारा शर्यत जिंकतोच असे नाही. रेल्वे १८४२ साली कंबरलंडला पोहोचली. कालव्यास तेथे पोहोचण्यास १८५० साल उजाडले, कारण पॉ पॉ येथील ३,११८ फुटांचा बोगदा दोन वर्षांत पुरा होईल असा प्रारंभीचा अंदाज असताना मजुरांचे दंगे, आजारपणे आणि रिकामी तिजोरी यांपायी त्यास चौदा वर्षे लागली. त्यापुढे पर्वत ओलांडण्याचे त्राण कंपनीत उरलेच नाही.

तथापि जे बांधले गेले ते विलक्षण होते. दोन्ही बाजूंस दरवाजे असलेल्या पाण्याच्या ७४ हौदांमधून, म्हणजे जलपाशांमधून, नौका टप्प्याटप्प्याने ६०५ फूट वर चढवली जाई, आणि तिला दोराने ओढीत काठावरून खेचरे चालत. चढ सगळा जलपाशांनी सोसल्यामुळे खेचरांच्या वाटेस तो जवळपास उरलाच नाही. १९२४ च्या महापुरानंतर कालव्यावरील वाहतूक कायमची बंद पडली, आणि १९३८ साली मध्यवर्ती सरकारने तोवर बाल्टिमोर आणि ओहायो रेल्वेच्या ताब्यात गेलेली ही मालमत्ता तिच्याकडून वीस लाख डॉलरांस खरेदी केली. पुढे त्याच काठावरून मोटारींसाठी रम्य रस्ता काढण्याची टूम निघाली आणि १९५४ च्या जानेवारीत ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांस पत्र पाठवून, आपणाबरोबर सगळा काठ पायी चालून पाहावा, असे आव्हान दिले. मार्च महिन्यात कंबरलंडहून निघालेल्या त्या पदयात्रेत सबंध अंतर पायी तोडणारे नऊच जण निघाले. परंतु लोकमत फिरले, मोटाररस्त्याचा बेत रद्द झाला, आणि १९७१ साली कालव्यास राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला.

कंबरलंडच्या पश्चिमेस मात्र वाटेचे जन्मदाते निराळे आहेत. १९१२ साली वेस्टर्न मेरीलंड रेल्वेने येथून कॉनेल्सव्हिलकडे, म्हणजे पिट्सबर्गच्या भट्ट्यांना कोक पुरवणाऱ्या मुलखाकडे, आपला फाटा नेला. पोलादी रुळावर पोलादी चाक तीव्र चढाला घसरते, म्हणून डोंगर कापून, दऱ्यांत भराव घालून, बोगदे आणि पूल रचून चढ सौम्य राखणे अभियंत्यांस भागच असते. आपल्या बोरघाटातील, १८६३ साली खुल्या झालेल्या लोहमार्गाचा कमाल चढ ३७ फुटांस एक फूट आहे. कंबरलंडहून जलविभाजकापर्यंत सुमारे २४ मैलांत सुमारे १,७५० फूट उंची गाठणाऱ्या या मार्गाचा सरासरी चढ सुमारे ७२ फुटांस एक फूट, एवढाच पडतो. सुमारे ३,३०० फूट लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा आणि कॅसलमन नदीच्या खोऱ्यावरचा १,९०८ फुटांचा सॅलिसबरी पूल ही त्याच आग्रहाची अपत्ये होत. इंजिनासाठी केलेला हा सारा खर्च सत्तरहून अधिक वर्षांनी बेताच्या दमाच्या सायकलस्वाराच्या पदरात पडला.

तो पडला कसा, याची हकिगत उद्‌बोधक आहे. यॉकागेनी नदीच्या दुसऱ्या काठाने बाल्टिमोर आणि ओहायोचा लोहमार्ग समांतर धावत होता. दोन्ही कंपन्या एका व्यवस्थापनाखाली आल्यावर एक मार्ग जादा ठरला, आणि १९७५ साली वेस्टर्न मेरीलंडचा फाटा सोडून देण्यात आला. वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने ओहायोपाइलच्या परिसरातील पट्टा १९७८ साली खरेदी केला, तेथे १९८६ साली वाटेचा पहिला टप्पा खुला झाला, आणि एकेक तुकडा जोडीत २०१३ साली ती पिट्सबर्गला, ओहायो नदीच्या उगमसंगमावर पोहोचली. कालवा कंपनीने १८२८ साली आरंभिलेला मार्ग १८५ वर्षांनी पुरा झाला, पण नौकेसाठी नव्हे.

वाटेचा पृष्ठभाग हे स्वतंत्र शास्त्र आहे. रुळांखालची जुनी जाड खडी पायाला ठेवून तिच्यावर चुनखडीची बारीक कच पसरतात आणि पाणी मारून रोलर फिरवतात. चुनखडीची भुकटी ओलाव्याने दाण्यांमध्ये बसून घट्ट होते. पाण्याचा निचरा मात्र चोख लागतो. चर आणि मोऱ्या तुंबल्या तर एका पावसाळी रात्रीत भराव खचू शकतो. बोगद्यात झिरपणारे पाणी हिवाळ्यात गोठते, म्हणून बिग सॅव्हेजची दारे डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत लावून घेतात. कोळसा आणि रेल्वे गेल्यावर ओस पडू लागलेल्या मायर्सडेल, कॉन्फ्लुअन्स यांसारख्या गावांतून आता सायकलस्वारांसाठी खानावळी आणि मुक्कामाच्या खोल्या चालतात.

परंतु खडीपेक्षा अवघड प्रश्न हक्काचा. अमेरिकेत रेल्वे कंपन्यांना अनेक ठिकाणी जमिनीची मालकी नसून केवळ वहिवाटीचा हक्क होता. गाडी कायमची बंद झाली की तो हक्क संपून जमीन मूळ खातेदाराकडे परत जाई, आणि शंभर मैलांचा मार्ग शेकडो शेतांत विखरून पडे. कायद्यातील १९८३ सालच्या दुरुस्तीने यावर तोड काढली: भविष्यकाळी पुन्हा रूळ टाकण्याची मुभा राखून मार्ग तूर्त पायवाटेसाठी दिल्यास तो सोडून दिला असे मानू नये. व्हरमाँटमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली एकमताने हा कायदा वैध ठरवला, परंतु बाधित खातेदारास भरपाईचा दावा करण्याची वाट मोकळी ठेवली. उलट वायोमिंगमधील एक मार्ग १८७५ च्या कायद्यान्वये त्या वेळच्या सरकारी जमिनीवर टाकलेला होता आणि रेल्वेने तो रीतसर सोडून दिलेला होता. तेथे २०१४ साली त्याच न्यायालयाने खातेदाराच्या बाजूने कौल दिला.

खातेदाराची तक्रार अनाठायी नाही. त्याच्या पूर्वजाने रेल्वेस वाट दिली होती, सहलीस नव्हे. तरीही या दोन निवाड्यांतून जे निष्पन्न होते ते जिथे जिथे एखादा लोहमार्ग बंद पडतो तिथे लागू आहे. वाहून गेलेली खडी पुढच्या हंगामात पुन्हा पसरता येते, खचलेला बोगदा पैसा ओतून सावरता येतो. पण मधल्या दहा एकरांचा हक्क सुटला आणि तेथे घरे उभी राहिली, तर दोन्ही बाजूंच्या मैलोगणती भरावांस काही अर्थ उरत नाही. म्हणून अशी वाट ज्यांना हवी असेल त्यांनी शेवटची गाडी जाण्यापूर्वीच जमिनीचे दस्तऐवज तपासावेत. खडीची निविदा नंतर काढली तरी चालते.